आधी आगटी, मंग बंगळूर

आमच्या सूनबाईला जगात दोनच गोष्टींचं वेड हाय. एक भेळ, आन् दुसरं नायोबियम. भेळीचं मी समजू शकती. नायोबियम म्हंजे काय हे डोक्यात शिरायला मला लई दिवस लागले, आन् तवर आमच्या सावेडीच्या फ्लॅटमदी जेवताना दुसरा इषयच निघाला न्हाई. आमटी गार हुयाची, पन नायोबियम गरमच.

तर ऐका, मला जसं कळलं तसं सांगती. विमानाच्या इंजिनात पाती असत्यात, ती आगीत फिरत्यात. आजकाल ती निकेलची करत्यात, पन अकराशे डिग्रीच्या पुढं गेलं की निकेलला घाम फुटतो. नायोबियम आन् सिलिकॉन एकत्र केलं तर जो धातू तयार हुतो, तो तेराशेलाबी ताठ उभा ऱ्हातो, वर वजनाला हलका. आता तुमी म्हनाल, मंग दोन्ही वितळवायचं आन् साच्यात ओतायचं, त्यात काय येवढं? मीबी तेच म्हनलं हुतं. पंकजा म्हनली, "आई, ओतलं की थंड होताना तडकतं. म्हणून पूड करायची."

पूड म्हंजे मिरचीची नव्हं. दोन्हींची पूड पोलादी गोळ्यांसंगं डब्यात घालायची आन् डबा गरागरा फिरवायचा, लई येळ. मंग ती पूड साच्यात भरायची, आन् आतली हवा काढून टाकलेल्या भट्टीत पंधराशे डिग्रीला वरून दाबायची. वितळवायचं न्हाईच. नुसतं तापवून, दाबून, कनाला कन चिकटवायचा. त्यातून निघती बोटायेवढी कांडी. आन् त्या बोटायेवढ्या कांडीपायी आमच्या घरातल्या समद्यांची झोप उडालेली.

नगरच्या एमआयडीसीत पंकजाचं छोटं शेड हाय. ती शिकलेली पुण्याला, नोकरीबी लागली हुती, पन आमच्या गोरक्षशी लगीन झालं आन् तिनं हे शेड घेतलं. गोरक्ष इथं कॉलेजात शिकवतो, त्याला नगर सुटत न्हाई. शेडवर तिच्या जोडीला नियाज असतो, भट्टी तो चालवतो. लई गुनाचा पोरगा, पन चहा येवढा गोड पितो की बघनाऱ्याला शुगर व्हावी.

आन् तिसरे आमचे मालक. जनम सगळा साखर कारखान्यात बॉयलरवर गेला. रिटायर झाले तरी बॉयलर काय डोक्यातून जाईना. "आगीचं मला सांगू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी गॅस बारीक केला तरी हेच. रोज दुपारी सूनबाईचा डबा घेऊन स्कूटरवर शेडला जायचं आन् भट्टीच्या काचेला डोळा लावून बसायचं, हा त्यांचा धंदा. पंकजानं एकदाच बजावलं हुतं, "बाबा, ताज्या पुडीला हवा दाखवायची नाही, ती पेट घेते." ह्यांनी काय करावं? नुसतं बघू तरी, म्हनून डब्याचं झाकन उचललं. भक्क! मिशीची डावी बाजू गेली. महिनाभर मानूस तोंडाला रुमाल लावून हिंडत हुता, आन् कोनी इचारलं तर सांगायचं, दात दुखतोय.

तरी दोघांचं मेतकूट असं जमलेलं की मला कवा कवा वाटायचं, ही लेक ह्यांची आन् मीच सून म्हनून आलेली.

कांड्या मात्र जमत नव्हत्या. एकीला चीर, दुसरी मधूनच दोन, तिसरी दिसायला झकास पन वाजवली की भद्द. माठ घेताना आपन टिचकी मारून बघतो, तशी पंकजा कांडी वाजवून बघती. चांगली असली की टन्न वाजती. दोन वर्सं आमच्या घरात टन्न आवाज आला न्हाई.

आन् ज्या इंजिनवाल्या बंगळूरच्या कंपनीसाठी हा समदा खटाटोप हुता, तिनं आता निर्वानीचं सांगितलं हुतं. या हिवाळ्यात कांडी द्या, आमी बाराशे डिग्रीला तपासू, पास झाली तर पुढचं काम तुमचं. नसंल तर रामराम. पंकजानंबी मला सैपाकघरात सरळ सांगून टाकलं. "आई, हे नाही झालं तर मार्चमध्ये शेड बंद करते. चेन्नईची नोकरी घेते. गोरक्षला येता येणार नाही, मी एकटीच जाईन."

मी भाकरी थापत हुते. हात तसाच ऱ्हायला. खरं सांगू का, मला विमानाचं काय पडलेलं नव्हतं. विमानं उडू देत न्हाईतर ऱ्हाऊ देत. पन ही पोरगी घरातून गेली तर मी कुनाशी भांडू? गोरक्ष तर बापासारखाच, इचारलं तर 'हं' म्हननारा. मी त्या दिवसापासनं देवाला कांडीचंच मागायला लागले.

आन् थंडीत एक कांडी वाजली. टन्न!

पंकजानं तिचे दोन तुकडे केले. एक शेडच्या कपाटात, आन् एक बंगळूरला द्यायचा म्हनून घरी आनला. तो मी सवता कापसात गुंडाळून देवघरात ठेवला, बाळकृष्नाच्या शेजारी. कंपनीचे सहादेव साहेब सोमवारी न्यायला येनार हुते. हे साहेब मूळचे नेवाशाकडचे. फोनवर बोलता बोलता म्हनले, "ताई, हुरडा खाऊन किती वर्षं झाली हो!" मंग काय! पंकजा म्हनली, "रविवारीच या." आमचं रान देवळाली प्रवराला. सगळा ऊस, पन बांधाच्या कडंला थोडी गुळभेंडी ज्वारी आमी दर साली लावतो, खास हुरड्यासाठी.

रविवारी मालक तांबडं फुटायच्या आत पुढं निघून गेले. मी म्हनलं, येवढी काय घाई? म्हनले, "आगटी मी लावनार. आगीचं मला सांगू नकोस."

आमी नऊच्या सुमाराला पोचलो. बघती तर काय, आगटीचा खड्डा नेहमीच्या दुप्पट. गोवऱ्या रचलेल्या, लालभडक इस्तू, आन् एका बाजूला लव्हाराकडचा जुना भाता आनून बसवलेला.

"अहो, हुरडा भाजायचाय का घोड्याचा नाल?" मी इचारलं.

"ड्राफ्ट, ड्राफ्ट! बॉयलरला हवा लागती. तुला न्हाई कळनार," म्हनले आन् मिशीतल्या मिशीत हसले. तेवा माझ्या डोक्यात काय आलं न्हाई. यायला पायजे हुतं. चाळीस वर्सं संसार केलाय मी ह्या मानसासंगं.

साहेब आले. साधा मानूस, बूट काढून मातीतच बसला. मालक राखेतनं कनसं काढायचे, नियाज चोळायचा, मी लसनाची चटनी, शेंगदान्याची चटनी, गूळ, दही असं समोर सरकवीत हुते. साहेब खातायत, खातायत, थांबायचं नाव न्हाई. मधे म्हनले, "काकू, बंगळूरला पंचतारांकित हॉटेलात असलं मिळत नाही." मी म्हनलं, तिथं शेन कुठून मिळनार? समदे हसले. पंकजासुद्धा हसली, लई दिवसांनी.

आन् मालक? एक कनीस काढायचे, चार येळा भाता मारायचे. कडंच्या एका कोपऱ्यात कुनाला हात लावू देईनात.

दुपार झाली. साहेबांचा फोन वाजला, रेंज मिळंना म्हनून ते उसाच्या कडंनं पार सडकेपत्तुर गेले, गोरक्ष वाट दावायला संगं गेला. तेवढ्यात मालकांनी चिमटा घेतला. "थांबा, एक गंमत दावतो. सायेब यायच्या आत आपन बघून ठेवू," आन् त्या कोपऱ्यातली राख उकरायला लागले.

उकरलं. आनखी उकरलं. चिमटा फिरतोय, हाताला काय लागत न्हाई. मंग राखेत एक वेगळाच ढिगुळा दिसला, पांढुरका पिवळट, रव्यासारखा भुगा. मधे एक काळा खडा, हरभऱ्यायेवढा. मालकांचा चेहरा त्या राखेपेक्षा पांढरा पडला.

पंकजा उठून उभी ऱ्हायली. "बाबा, हे काय आहे?"

"कांडी," मालक म्हनले. "मला वाटलं... सायबांपुढं आगटीतनं काढून दावावी. सकाळपासनं आगीत हुती, बघा, काय झालं न्हाई म्हनून. तेराशेलाबी काय हुत न्हाई म्हनली हुतीस ना तू? आगटी म्हंजे किती असंल? सातशे."

अरं देवा! देवघरातला तुकडा ह्या मानसानं पहाटं उचलला हुता, आन् कापूस तसाच ठेवला हुता. मी सकाळी त्या कापसाला हळदकुकू वाहून आले हुते.

मला वाटलं आता पोरगी फाडून खाईल. मी असते तर खाल्लं असतं. पन ती नुसतीच म्हनली, "सातशे," आन् गुडघ्यावर बसून भुगा बोटानं चाळवायला लागली. मंग हळू आवाजात आमाला सांगितलं. ह्या धातूला एक रोग असतोय. वरच्या आगीत ताठ, पन मधल्या आगीत, सातशेच्या आसपास, हवा बारीक भोकांतनं आत शिरती आन् धातू आतनं फुगून फुटतो. रोग तिला म्हाईत हुता. त्याच्यावर इलाजबी केला हुता, आन् त्याच कांडीची एक बारकी कपची भट्टीत ठेवून तपासलीबी हुती. "पण आठशेला, आणि अर्धा तास," ती म्हनली. "वाटलं, झालं काम."

"मंग तो दुसरा तुकडा हाय की शेडवर," मालक घाईघाईनं पुटपुटले. "तो दे सायबांना. ते बाराशेलाच तपासनार, तूच म्हनली हुतीस. बाराशेला तर टिकतो न्हवं?"

"टिकतो," पंकजा म्हनली.

बस, मला तेवढंच ऐकायचं हुतं. मी चपलेनं राख लोटली आन् भुगा झाकून टाकला. लाज वाटली का? अजाबात न्हाई. माझ्या डोळ्यांपुढं चेन्नई हुती. नियाजनं आमच्याकडं पाठ केली आन् दाना नसलेलं कनीसच चोळत बसला. मनात म्हनलं, गप ऱ्हा पोरी, एक दिवस गप ऱ्हा, देवाची शपथ.

साहेब आले. "काय काका, आगटी विझवली एवढ्यात?"

पंकजानं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई, नुसतं बघितलं. मंग खाली बसली आन् मी लोटलेली राख हातानं बाजूला सारली.

"साहेब, उद्या तुम्हाला द्यायची कांडी ही इथं आहे," ती म्हनली. "सकाळपासून सातशेच्या आगीत होती. भुगा झाला. दुसरा तुकडा माझ्याकडं आहे, तो तुमच्या बाराशेच्या चाचणीत पास होईल. पण तो मी देणार नाही. विमान चढताना, उतरताना इंजिन दर वेळी सातशेतून जाणार."

साहेब उकिडवे बसले. चिमूटभर भुगा तळहातावर घेतला, बोटानं चोळला, जसा नियाज आत्ता हुरडा चोळत हुता तसा. मालक हात जोडून उभे. "चूक माजी हाय सायेब. पोरीची न्हाई."

"चुकीचं राहू द्या काका," साहेब म्हनले. "हवा किती मारली ते सांगा."

मंग त्यांनी पेपरच्या कागदात भुग्याची पुडी बांधली, खिशात घातली, आन् जाताना पंकजाला म्हनले, "ताई, खोटं बोलणार नाही. यावर मी 'हो' म्हणू शकत नाही." मला येवढा राग आला की त्यांच्यासाठी बांधलेला हुरडा दिला, पन गूळ काढून ठेवला.

त्यानंतरचे दिवस काय सांगू! मालक शेडला जायचे थांबले. डबा गोरक्ष न्यायचा. मी मुद्दाम गॅस मोठा करून दूध उतू घालवलं, तरी हा मानूस 'आगीचं मला सांगू नका' म्हनंना. पंकजा रागावली असती तर बरं झालं असतं. ती फकत म्हनायची, "बाबा जेवले का?" आन् हे खोलीत भिताडाकडं तोंड करून पडलेले. मार्च आला तशी पोरीनं माळ्यावरची मोठी बॅग काढली. मी ती पुसून दिली, आन् पुसता पुसता एकटीच रडून घेतलं.

बॅग भरायच्या आधी साहेबांचा फोन आला. त्यांनी ती पुडी नेऊन वरच्या लोकांच्या टेबलावर ठेवली हुती. आता कंपनीनं चाचनीच बदलली. आधी सातशे, दिवसभर. मंग बाराशे. जेवढे कांड्या देनारे हुते तेवढ्या समद्यांना पुन्यांदा नव्या कांड्या पाठवायला सांगितल्या, पुढच्या हिवाळ्यापत्तुर. म्हंजे होबी न्हाई, आन् न्हाईबी न्हाई. मी बॅग तवाच माळ्यावर फेकली. नीट बसली न्हाई, तरी फेकली.

त्याच सांजेला पंकजा मालकांच्या खोलीत गेली. मी दाराशी हुते. ऐकायचंच हुतं म्हनून हुते.

"बाबा, शेडवर सातशेची एक छोटी भट्टी लावतेय. तिच्यापुढं सकाळपासून बसायला माणूस पाहिजे."

"मला आगीतलं काय कळतंय?" मालक भिताडाला म्हनले.

"मी अर्ध्या तासात भट्टी उघडली. मला घाई होती," पंकजा म्हनली. "तुम्ही सकाळची ठेवली ती दुपारी काढलीत. तुम्ही नसता ठेवली, तर ती कांडी मी खरंच दिली असती."

खाट करकरली, मालक भिताडाकडनं वळले असावेत. मंग मालकांचा आवाज आला, "उद्या डबा मी नेतो."

मंग आमचं वर्स असं गेलं. पंकजानं पूड आनखी बारीक चाळली, त्यात थोडं कथील घातलं, दाबायचा येळ वाढवला. कथलाचं नाव काढलं की नियाज मला हसून म्हनायचा, "आमचे आजे गावोगाव कल्हई करायचे, आन् मी फिरून फिरून कथलावरच आलो आक्काबाई!" कांड्या निघायच्या, वाजायच्या, आन् सातशेच्या भट्टीत बसायच्या. दुपारी मालक घरी येऊन दारातच सांगायचे, "गेली." कुनी सोयरा गेल्यागत. मी चहा ठेवायची. मंग एक दिवस सांगितलं, "कड तेवढी गेली." मंग एक दिवस आले ते बोललेच न्हाईत, खिशातनं काळी निळसर कांडी काढली आन् माझ्या तांब्यावर मारली. टन्न.

मी म्हनलं, झालं, पाठवा आता बंगळूरला! पंकजा म्हनली, "नाही आई. आधी आगटी, मग बंगळूर."

पुन्यांदा देवळाली, पुन्यांदा गुळभेंडी. नवी कांडी पंकजानं मालकांच्या हातावर ठेवली. ह्यांनी हात मागं घेतला. "मी न्हाई. तू ठेव, न्हाईतर नियाज ठेवंल."

"तुम्हीच ठेवायची," ती म्हनली, आन् त्यांची मूठ मिटवून दिली.

त्या दिवशी मालकांनी हुरड्याचा एक दाना तोंडात घातला न्हाई. भाता मारत ऱ्हायले. मी गूळ पुढं केला, नको. ताक दिलं, नको. दुपारी चिमटा घेतला, धोतराला दोनदा पुसला. राख उकरली. पहिल्याच उकरन्याला लागली. अख्खी. काळी, निळी, अख्खी.

मी तांब्या पुढं धरला. वाजली, आन् अशी वाजली की पल्याडच्या रानातला बैल मान वर करून बघायला लागला. मालक मातीतच बसले आन् टोपीनं तोंड झाकलं.

"धूर गेला का डोळ्यांत?" मी इचारलं.

"गप बस," म्हनले. "आगीचं मला सांगू नकोस."

कांडी द्यायला दोघंबी गेले, सून आन् सासरा. पंकजाच म्हनली, बाबांशिवाय जायची न्हाई. मी माळ्यावरची तीच बॅग काढली. त्यात तिचे कपडे, ह्यांची दोन धोतरं, आन् साहेबांसाठी हुरडा. या खेपंला गूळ ठेवला. ती बॅग मी कशासाठी पुसली हुती हे मला म्हाईत हुतं. मालकांना म्हनलं, मिशी दोन्हीकडं सारखी कापून जा, लोक काय म्हनतील.

चार-पाच दिवस नुसती वाट बघितली. गोरक्षला दर तासाला इचारायची, तो 'हं' म्हनायचा. मंग फोन वाजला. पलीकडं मालक, आन् येवढ्या मोठ्यानं वरडत हुते की फोनची गरजच नव्हती.

"अगं ऐकलंस का! दिवसभर सातशे, मंग बाराशे! सायबांनी बाहेर काढली आन् टेबलावर मारली. वाजली गं, वाजली! काम आपलं झालं!"

मागं पंकजाचा आवाज येत हुता, "बाबा, हळू, लोक बघतायत," आन् ती हसत हुती, का रडत हुती, मला कळंना.

मला बोलायचं लई हुतं. पन आधी मी गॅस बारीक केला.

"मंग या की घरी," मी म्हनलं. "दोघंबी."